विज्ञान-प्रदर्शनात मुलांनी काय मांडावे

पावसाळा सरून पिके घरात येऊ लागली की पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून विज्ञान-प्रदर्शनाचे परिपत्रक निघते; त्यात त्या वर्षीचा मुख्य विषय व त्याचे उपविषय नमूद केलेले असतात, सहावी ते आठवीचा एक गट आणि त्यावरील इयत्तांचा दुसरा असे विभाग पाडलेले असतात, आणि ते परिपत्रक हाती पडल्यापासून प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत जी थोडीफार मुदत उरते तीत विज्ञानाच्या शिक्षकाने मुले निवडावीत, विषय ठरवावा, पुठ्ठा, तारा, मोटारी आणि रंग जमवावेत, तक्ते लिहावेत आणि मुलांकडून निवेदन पाठ करून घ्यावे, असा एक शिरस्ताच पडून गेला आहे. हा शिरस्ता वाईट हेतूने पडलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने १९७१ पासून राष्ट्रीय पातळीवर मुलांची विज्ञान-प्रदर्शने भरविण्यास आरंभ केला, आणि शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत एखाद्या आडगावच्या मुलाने तिथवर पोचावे, ही मूळ कल्पना उदारच होती. तथापि सहावी, सातवी आणि आठवी ह्या तीन इयत्तांची मुले, ज्यांच्या डोक्यावर शालान्त परीक्षेचे ओझे अजून आलेले नसते आणि ज्यांची जिज्ञासा अजून कोणी दटावून गप्प केलेली नसते, ती त्या टेबलावर नेमके काय मांडतात आणि त्यांनी काय मांडावयास हवे, ह्या प्रश्नाचा विचार व्हावा तितका झालेला नाही.

ह्या विषयात ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालविला आहे अशी दोन माणसे माझ्या परिचयाची आहेत. एक गृहस्थ शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले असून शाळातपासणी आणि प्रदर्शनांची व्यवस्था ह्यांतच त्यांची हयात गेली. दुसऱ्या जिल्हा परिषदेच्या एका उच्च प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवितात, आणि अलीकडे परीक्षक म्हणून त्यांना बोलावणे येऊ लागले आहे. एकमेकांविषयी आदर बाळगून दोघे कसे वाद घालतात हे मला ऐकावयास मिळाले. माझा कल बाईंकडे आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु साहेबांचे आक्षेप बाजूला सारून बाईंची बाजू मांडता येत नाही, म्हणूनच हे संभाषण संवादरूपाने देत आहे.

साहेब : बाई, गेल्या खेपेस परीक्षक म्हणून तुम्ही जो अभिप्राय लिहून दिलात त्याची नक्कल मी वाचली. मांडलेल्या वस्तूंपैकी बहुतेक पूर्वी कोणीतरी केलेल्याच होत्या, असा तुमचा शेरा आहे. पण बारा वर्षांच्या मुलाकडून अपूर्व असे काय निघावे अशी आपली अपेक्षा आहे? एका टेबलावर इंजेक्शनच्या सिरिंजांवर चालणारा जेसीबी होता. असे जेसीबी मी पुष्कळ पाहिले आहेत, तरीही त्यापाशी मी उभा राहिलो. पुठ्ठ्याचा सांगाडा, सलाइनची नळी, आइस्क्रीमच्या काड्यांचा हात. आणि तो करणारा मुलगा वर्गात वाचनात मागे पडणारा. परंतु नळीत हवेचा बुडबुडा राहिला की यंत्राचा हात ढिला पडतो आणि नळी पाण्याने पूर्ण भरली की तोच हात ताठ उचलतो, हे त्याच्या बोटांना कळलेले होते. पास्कलचा नियम घडाघडा म्हणणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक असते?

बाई : तो मुलगा मलाही आठवतो, साहेब, आणि माझी तक्रार त्याच्याविषयी नाहीच. आपण मोठ्या माणसांनी त्याच्याकडून जे वदवून घेतले त्याविषयी ती आहे. त्याच्या तक्त्यावर पास्कलचे चित्र होते, जन्ममृत्यूची साले होती, नियमाची व्याख्या होती, यंत्राचे उपयोग होते; ज्याचा आपण आत्ता उल्लेख केलात त्या बुडबुड्याचा मात्र तिथे मागमूस नव्हता. मी खोदून विचारले तेव्हा त्याने ते ओशाळत सांगितले, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे तो त्याच्या यंत्रातला दोष होता आणि दोष परीक्षकापासून लपवायचा असतो. मी म्हणते, तो बुडबुडा हाच त्याचा प्रकल्प. त्याच सामानातून पाच मिलिलिटरची आणि वीस मिलिलिटरची अशा दोन सिरिंजा नळीने जोडाव्यात, दट्ट्यांचे व्यास पट्टीने मोजावेत, लहान दट्ट्या चार सेंटिमीटर दाबला असता मोठा किती सरकतो ते लिहावे, मोठ्यावर ठेवलेले वजन उचलण्यास लहान्यावर किती ठेवावे लागते ते पाहावे. तो हिशेब पुस्तकाशी जुळणार नाही, कारण दट्ट्याचे रबर नळकांड्याला घासते. न जुळणारा तो भाग किती, हेही त्याला काढता येईल. मग नळीत मुद्दाम एक मिलिलिटर हवा सोडावी, नंतर दोन, नंतर तीन, आणि तेच वजन उचलताना दर खेपेस किती दाबणे वाया जाते ते नोंदवावे. एवढे केल्यावर वाहनाच्या ब्रेकच्या नळ्यांतून कारागीर हवा का काढून टाकतो, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

साहेब : हे ऐकावयास फार छान वाटते. पण चार रकान्यांच्या तक्त्यापाशी थांबणार कोण? प्रदर्शन काही परीक्षकांसाठीच भरत नाही. पंचक्रोशीतली माणसे येतात, मुलांच्या आया येतात. ज्या मुलीने घरात आलेल्या पाहुण्यांसमोर कधी तोंड उघडलेले नसते ती अनोळखी शंभर माणसांना तेच तेच पुनःपुन्हा समजावून सांगते आणि सायंकाळपर्यंत तिचा आवाज मोकळा होतो. त्या गर्दीला हलणारी, उजळणारी वस्तू लागते. शिवाय व्यवहाराची गोष्ट अशी की परीक्षकाला एका टेबलापाशी धड पाच मिनिटे मिळत नाहीत. कल्पकता, वैज्ञानिक विचार, हस्तकौशल्य, उपयुक्तता, अल्पखर्च, सादरीकरण असे सगळे निकष त्याने तेवढ्यात लावायचे असतात. तो जे दिसते त्यालाच गुण देणार.

बाई : गर्दी थांबते, साहेब, तिच्या घरचा प्रश्न टेबलावर असला म्हणजे थांबते. आमच्या शाळेतल्या सातवीच्या दोन मुलींनी माठ मांडले होते. एकीची आजी म्हणाली होती की जुना माठ पाणी गार करीत नाही, आणि दुसरीच्या आईचे म्हणणे असे की तो मनाचा भास आहे. मुलींनी एक नवा माठ घेतला, एक काही उन्हाळे वापरलेला घेतला आणि तुलनेसाठी स्टीलची कळशी घेतली. तिन्हींत एकाच हौदातले पाणी सारखे मोजून भरले, तिन्ही व्हरांड्याच्या एकाच सावलीत, एकमेकांपासून अंतर राखून ठेवले, आणि शाळेच्या तापमापकाने सकाळी, दुपारी व शाळा सुटताना तपमान घेतले. वजन करण्यासाठी शाळेत काटा नव्हता, म्हणून समोरच्या किराणा दुकानदाराकडून त्यांनी तो मागून आणला. नव्या माठाचे वजन सर्वांत अधिक घटले आणि पाणीही त्याचेच सर्वांत गार झाले. जुन्याचे दोन्हीही कमी. कळशीचे वजन जवळपास तेवढेच राहिले आणि पाणी हवेबरोबर तापत गेले. जुन्या माठाच्या अंगावर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार धरलेले होते. ती पुटे छिद्रांत बसली की पाणी बाहेर झिरपत नाही, झिरपले नाही की त्याची वाफ होत नाही, आणि वाफ झाली नाही की आतली उष्णता बाहेर जात नाही, हा अन्वय त्यांनी स्वतः लावला.

साहेब : आणि गर्दी?

बाई : त्या टेबलाभोवती दिवसभर बायका होत्या. कोणी म्हणत होती माठ काथ्याने घासून उन्हात वाळवला की पुन्हा गार करतो, कोणी म्हणत होती वाळूवर ठेवला पाहिजे. मुली प्रत्येकीला एकच सांगत होत्या, करून पाहू आणि पुढच्या खेपेस कळवू. गणितही त्यांना जमण्याजोगे होते. एक ग्रॅम पाण्याची आपल्याकडच्या हवेत वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. दहा लिटरच्या माठातून अवघे १०० ग्रॅम पाणी असे निघून गेले, तर ५८,००० कॅलरी गेल्या. ती सगळी उष्णता आतल्या दहा हजार ग्रॅम पाण्यातूनच गेली असे धरले तर तपमान पावणेसहा अंशांच्या आसपास उतरावे. प्रत्यक्षात ते तेवढे उतरत नाही, कारण बाहेरची हवा माठाला उष्णता पुरवीतच असते. आणि ते कुठवर उतरू शकेल ह्यालाही मर्यादा आहे. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला की पारा जिथे स्थिर होतो त्याच्या खाली माठ जात नाही. कोकणातल्या दमट हवेत ती मर्यादा हवेच्या तपमानाच्या फार जवळ येते, म्हणून देशावर माठ जेवढा उपयोगी पडतो तेवढा किनाऱ्यावर पडत नाही. रत्नागिरीच्या एखाद्या शाळेने आणि सोलापूरच्या एखाद्या शाळेने एकाच आठवड्यात हा प्रयोग केला, तर दोघींच्या वह्या शेजारी ठेवून पाहण्याजोग्या होतील.

साहेबांनी येथे बराच वेळ उत्तर दिले नाही. त्यानंतर त्यांनी जो आक्षेप घेतला तो मला त्यांच्या सर्व आक्षेपांत वजनदार वाटतो, कारण तो विज्ञानाच्या व्याख्येतून निघालेला नसून शाळांच्या दप्तरांच्या तपासणीतून निघालेला होता.

साहेब : मी तीस वर्षे हजेरीपत्रके आणि नोंदवह्या तपासल्या आहेत, बाई. वही आदल्या रात्री कशी भरली जाते हे मला कोणी शिकवावयास नको. उद्या तुम्ही नोंदींना गुण ठेवलेत की तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत सुबक नोंदवह्या तयार होतील, आणि त्यांतल्या किती खऱ्या असतील हे देव जाणे. मुलाने दुसऱ्याची प्रतिकृती पाहून तशीच केली तर तो अनुकरण करतो, आणि अनुकरण करता करता त्याचा हात तयार होतो. पण न घेतलेले मोजमाप त्याने घेतले म्हणून लिहिले, तर बाराव्या वर्षी आपण त्याला खोटा दस्तऐवज करावयास शिकविले असे होईल. शिवाय एका शिक्षकाकडे दोन इयत्ता, त्यात निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, पोषण आहाराचा हिशेब. त्याने रोज सकाळी मुलांच्या मागे उभे राहून तापमापक वाचून घ्यावा असे म्हणणे अन्यायाचे होईल.

बाई : शिक्षकाविषयी आपण बोललात ते अक्षरशः खरे आहे, मी त्यातच राहते. म्हणूनच मला असे प्रश्न हवेत की जे मुलांना घरी आणि येताजाता मोजता येतील आणि ज्यांसाठी माझी गरज आठवड्यातून एकदाच लागेल. खोट्या नोंदींचे भय मात्र मलाही आहे. त्यावर उपाय एकच सुचतो, तो म्हणजे तालीम केलेल्या निवेदनाऐवजी कच्च्या वहीची रुजुवात घेणे. खऱ्या वहीत खाडाखोड असते, शाई बदललेली असते, एखादा आकडा इतरांपासून दूर पडलेला असतो आणि त्यापाशी मुलाने काहीतरी लिहिलेले असते. बनविलेले आकडे फार गुळगुळीत असतात. एकसारख्या पायरीने चढतात आणि उतरतात. परीक्षकाने मुलाला विचारावे, कोणत्या दिवशी काय बिघडले? ज्याने खरोखर मोजले आहे तो ह्या प्रश्नाने खुलतो. आणि एक मोजमाप तिथल्या तिथे पुन्हा घ्यावयास लावावे. त्याला दोन मिनिटे पुरतात.

साहेब : परीक्षकाला शिकवावे लागेल हे.

बाई : मुलांना शिकविण्यापेक्षा ते सोपे असावे.

साहेब : बरे, नोंदी खऱ्या निघाल्या आणि उत्तर चुकीचे निघाले, तर? किंवा काहीच निघाले नाही, तर? मुलीने मेथीच्या दोन कुंड्या ठेवल्या, एकीला तांदळाचे धुवण घातले, दुसरीला साधे पाणी, आणि महिनाभराने दोन्ही सारख्याच दिसल्या. ती टेबलावर काय ठेवील? रिकाम्या हाताने परत जाण्याचे दुःख त्या वयात फार मोठे असते.

बाई : एकेक कुंडी असेल तर मी तिला आधीच सांगेन की एका रोपावरून काही ठरत नाही, प्रत्येकी निदान दहा कुंड्या ठेव, नाहीतर एकाच कुंडीत पंचवीस दाणे पेर आणि किती उगवले ते मोज. दहांची सरासरी सारखी आली, तर फरक पडला नाही हे तिने सिद्ध केले, आणि तेही उत्तरच आहे. उत्तर चुकण्याविषयी म्हणाल, तर सतराव्या शतकातल्या व्हान हेल्माँटची हकीकत मी प्रत्येक वर्गाला सांगते. त्याने २०० पौंड माती भट्टीत वाळवून तोलली, कुंडीत भरली, तीत पाच पौंडांचे वाळुंजाचे रोपटे लावले आणि पाच वर्षे तिला केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती पुन्हा वाळवून तोलली तर ती केवळ दोन औंसांनी उणी भरली. झाड माती खाऊन वाढत नाही हे त्याने निर्विवाद दाखविले, आणि निष्कर्ष मात्र असा काढला की झाड सर्वस्वी पाण्यातून बनते. हवेतला कर्बवायू त्याच्या हिशेबात आलाच नाही. निष्कर्ष चुकला, परंतु मोजमाप खरे असल्यामुळे पुढच्या माणसांना ते वापरता आले. आजच्या मापाने सांगायचे तर एक्याण्णव किलो मातीतली सत्तावन्न ग्रॅम माती कमी झाली, एवढी बारीक गोष्ट पाच वर्षांनी त्याला सांगता आली. आठवीच्या मुलांना मी विचारते, त्याच्या जागी तुम्ही असता तर काय निष्कर्ष काढला असता? बहुतेकजण पाणीच म्हणतात. आणि मग प्रकाशसंश्लेषणाचा धडा त्यांना वेगळ्या उत्सुकतेने वाचावासा वाटतो.

साहेब : हेल्माँट पाच वर्षे थांबला, बाई, आमच्या परिपत्रकाला तेवढा धीर नसतो. आणि असली शोधवृत्ती शहरातल्या निवडक शाळांतच वाढते असा माझा अनुभव आहे. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावीच्या मुलांना लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर कृती-संशोधनाचा प्रकल्प करावा लागतो. फार चांगली गोष्ट आहे, पण त्यासाठी कोणाच्या घरी काय वातावरण असते ते आपण जाणतो.

बाई : होशंगाबादची मुले शहरातली नव्हती. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात सोळा ग्रामीण माध्यमिक शाळांत, म्हणजे आपल्या सहावी ते आठवीच्याच वर्गांत, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या संस्थांनी विज्ञान प्रयोगातून शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. मुलांनी चार-चारच्या टोळ्या करून प्रयोग करायचे, निरीक्षणे वहीत लिहायची, निष्कर्ष चर्चेने काढायचे, आणि परीक्षेलादेखील पुस्तक व वही उघडी ठेवायची. पुण्यात नोकरी करणारे अरविंद गुप्ता हे अभियंते त्याच काळात तिथे जाऊन राहिले, आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगपेटीच्या काड्या ह्यांपासून भूमितीच्या आकृत्या करण्याची त्यांची युक्ती त्या सहवासातून निघाली.

साहेब : आणि २००२ मध्ये तो उपक्रम बंद झाला.

बाई : शासनाच्या हुकमाने बंद झाला. मुलांना प्रयोग जमत नव्हते म्हणून झाला नाही. तीस वर्षे तो चालला, आणि त्याच शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांनी चालविला. हुकूम कसे निघतात आणि कसे मागे घेतले जातात, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

साहेबांनी हे मान्य केले. त्यांनी आणखी एक गोष्ट आपण होऊन काढली, ती म्हणजे फुकट विजेची. दरवर्षी कुठल्यातरी टेबलावर एक मोटार दुसरीला फिरविते, दुसरी दिवा लावते आणि उरलेली वीज पहिलीला परत देते, असा दावा लिहिलेला असतो. त्याला कोणी हरकत घेत नाही, कधीकधी तर तो वरच्या पातळीवर पाठविण्याची शिफारसही होते. असला प्रकल्प सरसकट नाकारावा असे साहेबांचे मत. बाईंचे मत असे की नाकारू नये, बॅटरी काढून घेऊन दिवा किती सेकंद जळतो ते मुलाकडूनच मोजवून घ्यावे, आणि गेलेली ऊर्जा कुठे गेली, घर्षणात, आवाजात की तारा तापण्यात, ते त्याला शोधावयास सांगावे. ह्याबाबत मी बाईंशी पूर्ण सहमत आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम इतक्या जवळून भेटण्याची संधी मुलाला दुसरीकडे कुठे मिळणार?

साहेब : तुम्ही घरच्या वस्तूंविषयी बोललात. मला एखादा असा प्रश्न सांगा की ज्यात गावालाही रस वाटेल आणि ज्याला परगावाहून काही आणावे लागणार नाही.

बाई : पाऊस. आपल्याकडे पावसाचा सरकारी आकडा महसूल मंडळाचा असतो. एका मंडळात कितीतरी गावे. त्यांच्यासाठी मिळून एका यंत्राची नोंद. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस त्या मंडळात नोंदला गेला की अतिवृष्टी धरली जाते, आणि पिकाच्या पंचनाम्याची पुढची सगळी कारवाई त्या आकड्याकडे पाहत होते. पण डोंगराच्या अंगाला असलेल्या वाडीत आणि नदीकाठच्या वाडीत सारखाच पाऊस पडतो का? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि घाट उतरून वाईला आले की हजारदेखील नाही, हे आपण भूगोलात शिकवितो. तोच भेद लहान प्रमाणात आपल्या शिवारात आहे की नाही, हे कोणी पाहिलेले नसते. चार वाड्यांतल्या चार मुलांनी चार पर्जन्यमापक लावावेत आणि जून ते सप्टेंबर रोज वाचन घ्यावे.

साहेब : आणि मुलांच्या वहीत सत्तर निघाले, मंडळाचा आकडा पन्नास निघाला, तर गाव ती वही घेऊन तहसील कचेरीत जाईल. त्या शिक्षकावर काय प्रसंग येईल ह्याचा विचार केला आहे का?

बाई : केला आहे. मुलांच्या वहीला कायद्याने काही किंमत नाही हे गावाला पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे. पण ती वही खरी असेल, तर मंडळाला आणखी एक यंत्र हवे अशी मागणी कोणत्या आधारावर करावी हे त्या गावाला कळेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर तो एक लिटर भरतो. शाळेच्या शंभर चौरस मीटर पत्र्यावर ६५ मिलिमीटर पडला तर साडेसहा हजार लिटर पाणी एका दिवसात ओघळून गेले. हे गणित सहावीची मुलगी करू शकते, आणि केल्यावर ती पागोळ्यांकडे पूर्वीसारखी पाहत नाही.

साहेब : पण प्रदर्शनाचे परिपत्रक येते तेव्हा पाऊस संपलेला असतो.

बाई : म्हणूनच विषय जूनमध्ये कळला पाहिजे. तोवर ज्यांना हिवाळ्यातच काही करायचे आहे त्यांच्यासाठी सावली आहे. एक मीटरची काठी सपाट जागेवर ओळंब्याने उभी करायची आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजायची; घड्याळाच्या बारावर भरवसा न ठेवता दर पाच मिनिटांनी खुणा करायच्या, म्हणजे ती नेमकी सापडते. २२ डिसेंबरच्या सुमारास ही सावली कोल्हापूरला ८४ सेंटिमीटरच्या आसपास भरते, पुण्याला ९० आणि नागपूरला ९८. कोल्हापूरच्या आणि नागपूरच्या दोन शाळांनी एकाच दिवशी मोजून फोनवर आकडे सांगितले, तर सूर्याच्या उंचीत सुमारे साडेचार अंशांचा फरक निघतो. दोन्ही शहरांमधले दक्षिणोत्तर अंतर, रस्त्याचे नव्हे, नकाशावरून काढले तर ते ४९० किलोमीटरच्या आसपास भरते. एवढ्यावर पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरच्या जवळपास येतो. इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनीसने जे केले ते आठवीच्या मुलांना त्रैराशिकाने करता येते. आणि मे महिन्यात सावली नाहीशी होते तो दिवस सावंतवाडीला पहिल्या आठवड्यात व धुळ्याला शेवटच्या आठवड्यात येतो. सूर्य उत्तरेकडे सरकतो म्हणजे काय, हे ह्या दोन गावांच्या मुलांना एकमेकांना पत्राने सांगता येईल.

साहेब : ह्यात हलणारे काही नाही, बाई.

बाई : सावली हलते.

साहेब : ते ठीक. पण एक गोष्ट मी सोडणार नाही. हाताने काही घडविणाऱ्या मुलाला त्या टेबलावर जागा असली पाहिजे. ज्याला लिहिता येत नाही, मोजणी नीट ठेवता येत नाही, पण लाकडाचा तुकडा ज्याच्या हातात बोलतो, अशा मुलाला शाळेत दुसरीकडे कुठेच मान मिळत नाही. तुमच्या वह्यांच्या राज्यात तो पुन्हा मागच्या बाकावर जाईल.

हा मुद्दा बाईंना खोडता आला नाही, आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. पर्जन्यमापक कोणीतरी घडवायचाच असतो, काठी ओळंब्याला लावणारा कोणीतरी लागतो, असे त्या म्हणाल्या खऱ्या; पण दुसऱ्याच्या प्रयोगाला अवजार करून देणे आणि स्वतःच्या नावाने काही उभे करणे ह्यांत त्या मुलाला वाटणारा फरक त्यांना ठाऊक होता, आणि तो त्यांनी बोलूनही दाखविला. मलाही ह्यावर तोड सुचलेली नाही. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेसमध्ये मुले गटाने परिसरातील प्रश्न घेतात, आणि गटात हात, डोळा व लेखणी ह्यांची वाटणी होऊ शकते. परंतु मानपत्र वाचले जाते तेव्हा पुढे उभे राहणारे मूल बहुधा बोलके असते.

साहेब : मी आता परिपत्रक काढण्याच्या जागेवर नाही, पण गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे एक टिपण देईन. विषय जूनमध्ये कळवावा, आणि गुणपत्रिकेत कच्च्या वहीसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा. हस्तकौशल्याचे गुण मात्र कमी करू देणार नाही.

बाई : नका करू देऊ. तो रकाना मिळाला तरी पुष्कळ झाले.

साहेब : मग त्या रकान्यात परीक्षकाने काय पाहावे, ते मला पावसाच्या उदाहरणाने लिहून द्या. मोघम नको, शिपायालाही कळेल असे.

बाई : लिहून घ्या. मापक सरळ बाजूंच्या भांड्याचा आहे का. बाटलीचा असेल तर तिचा तळ फुगीर असतो, म्हणून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरून ठेवले आहे का. तोंड जमिनीपासून सुमारे तीस सेंटिमीटरवर आहे का. जवळच्या झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट अंतर आहे का. वाचन हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला घेतले का, आणि घेणाऱ्याचे नाव लिहिले आहे का. ज्या दिवशी पाऊस पडला नाही तिथे शून्य असावे. ज्या दिवशी वाचनच झाले नाही तिथे रेघ असावी, आणि रेघेशेजारी कारण असावे. परीक्षकाने त्यांतली एक रेघ निवडून त्या दिवसाविषयी मुलाला बोलू द्यावे.

साहेब : आणि चार महिन्यांत एकही रेघ नसेल, तर?

बाई : तर वाचन घेणारे दुसरे मूल कोण होते ते विचारावे. श्रावणात एखादा दिवस तरी ताप येतोच. त्या दिवशी भांड्यापर्यंत कोण गेले, हे खऱ्या वहीतल्या मुलांना आठवत असते.